भाच्याचे तीर: सहा मारायला, दोन शिल्लक



कापसाची दुसरी वेचणी उरकली. तूर फुलोऱ्यात आहे, शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लावलेत, रोज सकाळी पतंग मोजतोय. ती नोंद पुढच्या वेळी. आज थोडं वेगळं लिहितो, पण हेही शेतातच घडलंय.

मागच्या आठवड्यात विहिरीच्या मातीच्या ढिगाजवळ ठेवलेल्या गोणीचा फोटो टाकला होता, तीर रुतलेले. तिघांनी एकच विचारलं, "काय दादा, डुकरं मारायला घेतलं का?" दोघांनी फोन केला, "तीर कुठून घेतले, किती पडले? आमच्याही पोराला घ्यायचेत." पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण आधी मी चुकीचे तीर घेतले आणि त्यापायी भाच्याने खेळ जवळजवळ सोडला होता.

भाचा अकरावीला आहे, नंदुरबारला राहतो. तिथे तिरंदाजीचा सराव करतो. त्याच्या सरांच्या ओळखीने एका मोठ्या खेळाडूचं वापरलेलं कंपाउंड धनुष्य स्वस्तात मिळालं. आपल्या तीरकामठ्याला वाकवलेला बांबू आणि त्याला ताणलेली दोरी, बस. कंपाउंडला दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात, त्यावरून केबल फिरते. ओढताना मध्ये पूर्ण जोर लागतो आणि शेवटी एकदम हलकं होतं. ४० पौंडाचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातावर दहा-बारा पौंडच राहतात. म्हणून नेम धरून उभं राहता येतं. पण सोडल्यावर तो सगळा जोर तीरावर एका झटक्यात येतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हे यंत्र अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने शोधलं. १९६६ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये पेटंट मिळालं. त्याला हरणाच्या शिकारीसाठी जोरकस धनुष्य हवं होतं. तिकडे आजही नवखा माणूस कंपाउंड घेतो तो बहुधा शिकारीसाठीच, आणि पहिला प्रश्न हाच विचारतो की स्वस्तातले तीर कोणते घेऊ.

आपल्याकडे शिकार नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानडुक्कर आणि रोहीही त्यात येतात. पीक आपलं, शेत आपलं, म्हणून जनावर मारता येत नाही. तशी परवानगी अधिकाऱ्याने लेखी दिली तरच, आणि ती अशी खिशात घेऊन कुणी फिरत नाही. मागच्या साली माझा मका डुकरांनी लोळवला तेव्हा मलाही राग आला होता. पण त्याचा रस्ता म्हणजे लगेच वनविभागाला कळवणं, फोटो काढणं, पंचनामा करून घेणं. धनुष्याच्या तीराने अर्धवट जखमी झालेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी तुरीत कुणाच्या अंगावर येईल ते सांगता येत नाही. तेव्हा आमच्या घरचं धनुष्य फक्त गोणीवर चालतं.

आता तीरांकडे येतो.

धनुष्य आलं, पण तीर नव्हते. भाचा दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे आला. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणतो, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी आयुष्यभर तीरकामठे केलेत. आम्ही पावरा. आमच्याकडे होळीला, लग्नाला तीरकामठा लागतो. नातवाला धनुष्य मिळालं हे कळल्यावर बाने कुणाला न सांगता आठ दिवसांत बाराच्या बारा तीर तयार केले. बरूच्या काड्या निवडल्या, सावलीत वाळवल्या, विस्तवावर धरून सरळ केल्या, मागे पिसं बांधली, पुढे लोखंडी टोक बसवलं. काड्या जुन्या, घरात ठेवलेल्या होत्या, म्हणून इतक्या लवकर झालं.

खर्च शून्य. याहून स्वस्त तीर जगात कुठे मिळणार? मी खूश. भाचा मात्र तीर हातात घेऊन गप्प उभा. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, हे यावर चालत नाहीत. सरांनी सांगितलंय, कंपाउंडवर बरूचा किंवा लाकडाचा तीर चढवायचा नाही. फुटतो. फुटलेला तुकडा धनुष्य धरलेल्या हातात घुसतो."

मी त्याला म्हटलं, तुझा आजा चाळीस वर्षं हेच मारतोय. तो म्हणाला, "आजाचं धनुष्य वेगळं."

ते मला पटलं दुसऱ्या दिवशी पाइप जोडताना. विहिरीवर साडेसातची मोटर आहे. शेताच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाण्याला जोर उरत नाही, तिथे अडीच किलोचा पाइप टाकलाय, तो वर्षानुवर्षं टिकलाय. तोच पाइप मोटरच्या तोंडाशी लावला तर पहिल्या सुरुवातीलाच फुटेल. पाइप खराब नाही, त्याची जागा ती नाही. बाचा तीर बाच्या कामठ्यासाठी केलेला आहे. कामठा त्याला ढकलतो तो हळूहळू, कंपाउंड एका झटक्यात. बरूची काडी त्या झटक्याला वाकते आणि तंतूत फाटते.

ही गोष्ट बाला कशी सांगायची याचा मला घोर लागला. मग मी पळवाट काढली. सांगितलंच नाही. म्हटलं, स्पर्धेत कंपनीचेच तीर लागतात. बा "बरं" म्हणाले आणि तीर आढ्याला खोचून ठेवले.

मग मी स्वस्तातले तीर शोधायला लागलो. एकाने वापरलेले बारा कार्बनचे तीर तीन हजारांत दिले. नवे घ्यायचे तर याच्या दुप्पट-अडीचपट लागले असते. मला वाटलं, तीर म्हणजे तीर. सरांना विचारलं नाही, ही माझी चूक.

भाच्याने वीस मीटरवर गोणी लावली. पहिला तीर मधोमध. दुसरा एक वीत खाली. तिसरा डावीकडे. चौथा परत मध्ये. पाचवा गोणी सोडून मातीच्या ढिगात. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी त्याने धनुष्य पिशवीत घातलं. "मामा, माझा हातच खराब आहे. नंदुरबारला सरांच्या तीरांनी बरं लागायचं, आता तेही जमत नाही. विकून टाकू या." त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, त्या धनुष्यासाठी बकऱ्या विकल्या होत्या. पोरगा तिला काय सांगणार होता मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी बा अंगणात बसले होते. पिशवी उघडी होती. त्यांनी एक एक तीर उचलला, दोन बोटांवर मधोमध ठेवून तोलला, नखावर टोक टेकवून फिरवला, दोन्ही हातांनी थोडा वाकवून पाहिला. मग तिथेच जमिनीवर दोन ढीग केले. बा पावरीत बोलले, मी मराठीत लिहितो. "हे सात एका घरचे, हे पाच दुसऱ्या घरचे. यांना एकत्र कोण मारतो?"

मी बियाणं मोजायचा खिशातला डिजिटल काटा आणला. पाचांच्या ढिगातला हलका तीर २४ ग्रॅम. सातांच्या ढिगातला जड २९ ग्रॅम. लांबीतही फरक. काडीवरचा नंबर वाचला, सातांवर ३४०, पाचांवर ४००. पुढची टोकंही मिसळलेली. बाने हाताने केलेले ढीग आणि काट्याने केलेले ढीग तंतोतंत तेच निघाले.

भाचा बघत होता. काही बोलला नाही, पण पिशवी परत उघडली.

आपण फवारणी करतो तेव्हा बूमवरचे सगळे नोझल सारखे हवेत. एक जुना झिजलेला, एक नवा, एक अर्धा तुंबलेला असेल तर चालणारा माणूस कितीही सरळ चालला तरी पीक पट्ट्यापट्ट्याने जळतं किंवा सुटतं. दोष चालणाऱ्याचा नसतो. नवख्या तिरंदाजाचं तसंच आहे. हात अजून पक्का नाही, त्यात तीर वेगवेगळे. मग चूक हाताची की तीराची हे त्याला कळतच नाही, आणि तो दोष स्वतःला लावून घेतो. महागडे तीर नवख्याला नकोत. सारखे तीर हवेत. मी याला तीन हजार रुपये फी दिली, तुम्ही देऊ नका.

नंतर सरांना फोन केला, नीट विचारलं, आणि पुढचं शिकलो. जसं समजलं तसं लिहितो.

पहिलं, लांबी. पोराला दोन्ही हात आडवे पसरून उभं करा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा, २.५ ने भागा. भाच्याचं १६५ सेंटिमीटर भरलं, म्हणजे ६६ सेंटिमीटर, साधारण २६ इंच. हा त्याचा ओढा झाला, अंदाजाचा. नक्की माप सरांकडून धनुष्यावरच घ्यायचं. तीर त्याहून दीड-दोन इंच लांब ठेवायचा. आम्ही २८ इंच घेतला. तीर आखूड पडला आणि पोराने जास्त ओढलं तर टोक मागे सरकून हातावर येऊ शकतं. नवख्याचा ओढा वाढतो, म्हणून थोडा लांब बरा. लांब तीर नंतर कापता येतो, आखूड वाढवता येत नाही.

दुसरं, ताठपणा. त्याला स्पाइन म्हणतात, काडीवर नंबर असतो. २९ इंचाची काडी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवतात, मधोमध १.९४ पौंड, म्हणजे साधारण ८८० ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच वाकली तर नंबर ५००. ०.३४० इंच वाकली तर ३४०. म्हणजे नंबर जितका लहान तितकी काडी ताठ. इथे बरेच जण उलटं समजतात. बा हातात वाकवून बघत होते ते हेच.

किती नंबर घ्यायचा ते तीन गोष्टींवर ठरतं: धनुष्याचे पौंड, तीराची लांबी, टोकाचं वजन. प्रत्येक कंपनीचा तक्ता असतो, त्यात बघायचं. आमचं ४० पौंड, २८ इंच, १०० ग्रेनचं टोक. तक्त्यात ५०० ते ६०० च्या आसपास आलं. आम्ही ५०० घेतला, कारण वर्षभरात पोरगा पौंड वाढवणार. थोडा ताठ तीर चालतो. लिबलिबीत तीर कंपाउंडवर धोक्याचा.

तिसरं, वजन. तीराचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम. धनुष्याच्या दर पौंडामागे किमान ५ ग्रेन हवेत. ४० पौंडाला २०० ग्रेन, म्हणजे १३ ग्रॅम, ही खालची हद्द. काही पोरं वेगाच्या नादात हलका तीर शोधतात. फार हलका तीर म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडण्यासारखं. सगळा झटका धनुष्याच्याच अंगावर येतो, कॅम आणि पाती जातात. रिकामं धनुष्य ओढून सोडायचं नाही ते याचमुळे. आमचा तीर ३५० ग्रेनच्या आसपास भरतो, साडेबावीस-तेवीस ग्रॅम. नवख्याला असा मधला बरा.

चौथं, काडी कशाची. बरू, बांबू, लाकूड कंपाउंडला नाहीच. ॲल्युमिनियम किंवा कार्बन. ॲल्युमिनियम स्वस्त आणि एकसारखं असतं, पण वाकतं, आणि वाकलेलं सपाट काचेवर लोळवलं की लगेच कळतं. त्याच्यावर १८१६ असा नंबर असतो. पहिले दोन आकडे म्हणजे जाडी, एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले १८. शेवटचे दोन म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात १६. पाइपवर व्यास आणि गेज लिहितात तसंच. कार्बन वाकत नाही, सरळ राहतो नाहीतर फुटतो. आम्ही कार्बन घेतला, कारण आमच्या ढिगात दगड आहेत आणि ॲल्युमिनियम महिन्यात वाकडं झालं असतं. तुमच्याकडे चांगलं टार्गेट असेल तर ॲल्युमिनियमने सुरुवात करायला काही हरकत नाही.

पाचवं, किती घ्यायचे. दुकानदार डझन सांगतो. कंपाउंडच्या स्पर्धेत ५० मीटरवरून ७२ तीर मारायचे असतात, ते सहा-सहा करून बारा फेऱ्यांत. म्हणजे एका वेळी सहाच लागतात. आम्ही आठ घेतले. सहा मारायला, दोन शिल्लक. एक ६५० प्रमाणे ५,२०० रुपये, टोक आणि पिसं धरून. आधीचे तीन हजार वाचले असते तर हे आणखी सोपं गेलं असतं. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, एकाच खोक्यातले घ्या. तीन-चार महिन्यांनी दोन आणायचे झाले तर बिलावरचा नंबर जपून ठेवा, बियाण्याच्या पिशवीचं लेबल ठेवतो तसं.

आले त्या दिवशी आठही काट्यावर ठेवले. सात तीर २२.७ ते २२.९ मध्ये. एक २३.४. त्याच्यावर भाच्याने मार्करने खूण केली, तो शिल्लकमधला. बाने काटा बघायच्या आधीच तो बाजूला काढला होता.

वापरताना दोन नियम आम्ही घरात केलेत, आणि दोन्ही पैशांपेक्षा महत्त्वाचे आहेत.

एक, कार्बनचा प्रत्येक तीर, प्रत्येक फेरीनंतर, तोंडापासून लांब धरून दोन्ही टोकांना हलका वाकवायचा, फिरवून परत वाकवायचा, आणि ऐकायचं. कर्र आवाज आला, बारीक चीर दिसली, नखाला खरखर लागली, तर तीर मोडून टाकायचा. एकदा दगडावर आदळलेला तीर वरून धड दिसतो. पुढच्या वेळी दोरीवरच फुटतो. साडेसहाशे रुपयांसाठी हात घालवायचा नाही.

दोन, मोडलेल्या कार्बनचा एकही तुकडा शेतात ठेवायचा नाही. त्याचे सुईसारखे तंतू होतात. चाऱ्यात गेला तर बैलाच्या तोंडात, पोटात जाईल. तीर मोजून न्यायचे, मोजून आणायचे. कमी भरला तर सापडेपर्यंत त्या बाजूला गुरं सोडायची नाहीत आणि चारा कापायचा नाही.

टार्गेटला खर्च केला नाही. खताच्या रिकाम्या गोण्यांत जुने कपडे आणि प्लॅस्टिक घट्ट ठासलं. मागे विहिरीच्या मातीचा ढीग, दोन पुरुष उंच. त्याच्या मागे पायवाट नाही. भाचा मारत असतो तेव्हा पंप बंद करायलाही त्या बाजूने कुणी जात नाही.

ज्यांना कंपाउंडचा खर्च झेपत नाही त्यांनी इंडियन राउंड विचारून बघा. त्यात बांबूचं धनुष्य आणि लाकडी तीर चालतात, सुरुवातीला पोराचा हात बसायला तेवढं पुरतं. कंपाउंडला आता पुढे रस्ताही दिसतोय. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे फायनलमध्ये १५० पैकी १५० मारून. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतोय. आमचं पोरगं तिथे जाईल असं मी म्हणत नाही. वीस मीटरवर सहाही तीर पंज्याएवढ्या जागेत बसवतो, एवढंच आज सांगण्यासारखं आहे.

बाला मी शेवटी खरं सांगितलं, पाइपचं उदाहरण देऊन. ते म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ती चाकं बघितली तेव्हाच." मग तीर कशाला केले, विचारलं. "त्याच्याकडे एकही नव्हता म्हणून." ते बारा तीर होळीपर्यंत आढ्यालाच आहेत. होळीला भाचा ते आजाच्या कामठ्यावर चढवणार आहे, असं दोघांचं ठरलंय.

कुणाला पोरासाठी घ्यायचे असतील तर धनुष्याचे पौंड, पसरलेल्या हातांचं माप आणि ओढा लिहून ठेवा, मग सरांना नाहीतर दुकानदाराला विचारा. आधी तीर घेऊन मग विचारू नका.

काल संध्याकाळी आठ नेले आणि सातच परत आले. आठवा ढिगाला घासून तुरीच्या बाजूला गेला असावा. अंधार पडला म्हणून शोध थांबवला. आज बैलं घराशीच बांधलीत, सकाळपासून भाचा आणि बा तिथेच ओळीओळीने बघतायत. हे लिहून झालं की मीही जातो.